दुरुस्ती, दूरचा करार आणि ग्राहकाचा हक्क

प्रास्ताविक

म्हैसूर शहरात कुक्करहळ्ळी तलावाच्या परिसरात सरस्वतीपुरम ही वसाहत आहे. तेथे राहून शिवणकामावर उदरनिर्वाह करणारी एक मराठी भाषक स्त्री आपण डोळ्यांसमोर आणू. भाषेची अडचण नको, म्हणून तिने पुण्यातील एका व्यापाऱ्याला दूरध्वनी करून मोटारीवर चालणारे शिलाई यंत्र मागविले. एक वर्षाची हमी मिळाली. चौथ्या महिन्यात, ऐन लग्नसराईत, मोटार जळाली. “यंत्र तुमच्या खर्चाने पुण्याला पाठवा,” असे उत्तर व्यापाऱ्याने दिले. शेजारच्या कारागिराने पैसे घेऊन मोटार दुरुस्त केली, पण पावती दिली नाही. आठ दिवसांत यंत्र पुन्हा बंद पडले. बिलाच्या तळाशी छापले होते : ‘वाद उद्भवल्यास न्यायक्षेत्र पुणे.’

हा प्रसंग कल्पित आहे, परंतु परगावाहून वस्तू मागविणाऱ्या कोणावरही तो ओढवू शकतो. अशा वेळी तीन प्रश्न उभे राहतात. ही स्त्री कायद्याच्या दृष्टीने ग्राहक आहे का? दुरुस्तीची जबाबदारी कोणाची? आणि दाद कोठे मागायची?

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• ‘ग्राहक’ कोणाला म्हणतात हे सांगता येईल;
• दुरुस्तीच्या सेवेतील त्रुटी ओळखता येईल;
• परगावच्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार कोठे व कशी करावी हे समजेल.

१. ग्राहक कोण?

महाराष्ट्रात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. देशभर अशी जागृती वाढत गेली आणि १९८६ मध्ये संसदेने ग्राहक संरक्षण कायदा संमत केला. त्याची जागा पुढे २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. हा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला.

व्यापारी हेतूने वस्तू घेणारा या कायद्यानुसार ग्राहक ठरत नाही. मग यंत्रावर कपडे शिवून पैसे मिळविणाऱ्या स्त्रीचे काय? कायद्याने यास स्पष्ट अपवाद केला आहे. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारी व्यक्ती ग्राहकच असते. महाराष्ट्रातील एका उद्योजकाने कोइमतूरच्या संस्थेकडून घेतलेल्या यंत्राचा वाद १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. तेथे त्या उद्योजकाचा दावा टिकला नाही. पण निकालात न्यायालयाने हा अपवाद उलगडून सांगितला. स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून त्याचा हा दर्जा जात नाही. हाच नियम शिलाई यंत्रालाही लागू पडतो.

२. दुरुस्ती हीसुद्धा सेवाच

मोबदला घेऊन केलेली दुरुस्ती ही कायद्याच्या अर्थाने ‘सेवा’ आहे. तिच्या गुणवत्तेत, स्वरूपात किंवा पद्धतीत उणीव राहिली, तर ती ‘सेवेतील त्रुटी’ होय. निष्काळजीपणा आणि आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे यांचाही त्रुटीत समावेश होतो. विनामूल्य सेवा कायद्याच्या कक्षेत येत नाही. मात्र हमीच्या मुदतीतील दुरुस्तीचे मूल्य ग्राहकाने खरेदीच्या किमतीतच दिलेले असते, हे विसरू नये.

बिल किंवा पावती न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून कारागीर ओळखीचा असला तरी काय बिघडले होते, कोणता भाग बदलला आणि किती पैसे घेतले, हे लिहून घ्यावे.

‘बाहेर दुरुस्ती केल्यास हमी रद्द’ ही अट अनेक हमीपत्रांवर आढळते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार-कंपन्यांना दंड केला आणि अशी सरसकट अट घालू नये, असे बजावले. त्या आदेशाविरुद्ध अपिले झाली, पण प्रश्न ऐरणीवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे आहेत. तरीही सावध ग्राहकाने यंत्र दुसऱ्याकडे उघडायला देण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी कळवावे. अन्यथा ‘बाहेरच्या माणसानेच बिघडविले’ असे म्हणण्यास त्याला वाव मिळतो.

३. खामगावचा दूरध्वनी

करार दोन गावांमध्ये झाला, तर तो नेमका कोठे झाला असे मानायचे? १९५९ साली अहमदाबादच्या एका व्यापाऱ्याने दूरध्वनीवरून खामगावच्या कारखान्याकडे सरकीच्या पेंडीची मागणी नोंदविली आणि कारखान्याने ती स्वीकारली. माल मिळाला नाही, म्हणून व्यापाऱ्याने अहमदाबादेत दावा लावला. “आम्ही होकार खामगावात दिला; तेव्हा करार खामगावात झाला,” असा कारखान्याचा बचाव होता.

१९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला. दूरध्वनीवरील होकार जेथे ऐकला जातो, तेथे करार पूर्ण होतो. म्हणून हा करार अहमदाबादेत झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे होते. होकाराचे शब्द जेथे उच्चारले गेले तेथेच करार झाला, असे ते मानत. टपालाने होणाऱ्या करारांचा नियम मात्र निराळा आहे.

आपल्या उदाहरणातील स्त्रीने मागणी म्हैसूरहून केली आणि पुण्याचा होकार सरस्वतीपुरमच्या घरात ऐकला. या निकालाच्या आधारे तिचा करार म्हैसुरात झाला, असे म्हणता येते.

४. तक्रारीचे दार

नव्या कायद्यात इतका काथ्याकूट करण्याचीही गरज उरलेली नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे त्याला जाता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. आयोगाकडे जाण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. बिलावरील ‘न्यायक्षेत्र पुणे’ ही ओळ पाहून तो सोडून देऊ नये.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रार ‘ई-जागृती’ या शासकीय संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे किंवा भरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. निकाल तीन महिन्यांत, तर चाचणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात विलंब होतो. म्हणून आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीतून किंवा कन्नडमधून गाऱ्हाणे मांडून पाहावे.

५. विक्रेता परदेशी असेल तर?

२०२० चे ई-वाणिज्य नियम भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या विदेशी संस्थांनाही लागू आहेत. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, असे त्यांत म्हटले आहे. परंतु ज्या विक्रेत्याचे भारतात कार्यालय नाही, मालमत्ता नाही, त्याच्याविरुद्ध मिळालेला आदेश अमलात आणणे अवघड असते. अशी खरेदी करताना ‘दुरुस्ती कोण करणार?’ हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीच विचारावा.

आपण काय शिकलो?

एके काळी अंतर हे विक्रेत्याचे संरक्षण होते. कायद्याने आता तक्रारीचे दार ग्राहकाच्या गावात आणले आहे. मात्र त्या दारातून आत जाताना हातात बिल, हमीपत्र, दुरुस्तीची पावती आणि विक्रेत्याला लिहिलेल्या पत्राची प्रत असावी लागते.

स्वाध्याय

१. शिवणकाम करणारी स्त्री ‘ग्राहक’ का ठरते? दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. खामगावच्या खटल्यातील दोन्ही मते स्वतःच्या शब्दांत मांडा. तुम्हांला कोणते पटते? का?
३. प्रस्तुत उदाहरणातील स्त्रीच्या वतीने पुण्याच्या व्यापाऱ्यास दहा ओळींचे पत्र लिहा. खरेदीची तारीख, बिघाड, मागणी आणि उत्तराची मुदत यांचा उल्लेख करा.
४. घरातील एखाद्या वस्तूचे हमीपत्र वाचा व त्यातील दुरुस्तीविषयीच्या अटींची नोंद करा.