ताडन, कायदा आणि मातापिता

मातापित्यांनी अपत्यास मारण्यावर कायद्याने बंदी घालावी काय, या प्रश्नापुढे अनेक सद्गृहस्थ संभ्रमात पडतात. एकीकडे बालकाचे रक्षण आहे, दुसरीकडे घराची मर्यादा. म्हणून प्रथम आजचा कायदा काय सांगतो ते पाहणे उचित होय.

शाळेत मुलास शारीरिक शिक्षा देण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालगृहांतील ताडनही दंडनीय ठरविले. घरातील चापटीस मात्र अशी स्पष्ट बंदी नाही. उलट, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २७, बारा वर्षांखालील बालकाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृत्यास काही मर्यादांसह संरक्षण देते.

परंतु उगारलेला हात सद्भावनेने उठतो की क्रोधाने? मुलाच्या हातून दूध सांडले तर त्यास मारणारा पिता, पाहुण्याच्या हातून सांडले असता "असू द्या" म्हणून हसतो. चूक एकच, भेद इतकाच की मूल दुर्बळ आहे. क्रोधाने बुद्धीचा नाश कसा होतो, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रमाने दाखविले आहे. बुद्धीच ठिकाणावर नसता मुलाचे हित कोणी पाहावे?

जुन्या सुभाषितात लालनानंतर दहा वर्षे ताडन सांगितले आहे, असा आक्षेप येतो. पण तेच सुभाषित सोळाव्या वर्षी पुत्रास मित्र मानावयास सांगते. भयाने दहा वर्षे दूर लोटलेला मुलगा एकाएकी मित्र कसा होईल?

कायदा झाल्यास घरोघरी पोलीस येतील, अशीही भीती असते. स्वीडनने १९७९ मध्ये जगात प्रथम ही बंदी घातली, तेव्हा त्या तरतुदीस स्वतंत्र शिक्षा जोडली नव्हती. दुधाच्या वेष्टनांवर माहिती छापून ती घरोघरी पोहोचविली. शेजारच्या नेपाळनेही २०१८ मध्ये अशी बंदी केली.

तात्पर्य, मारणे हा पालकाचा अधिकार नव्हे, हे कायद्याने स्पष्ट सांगावे. मात्र साध्या चापटीसाठी तुरुंग नव्हे, शिकवण द्यावी. तथापि उगारलेला हात त्या क्षणी कोणताही कायदा धरू शकत नाही. ते गृहस्थाचेच कर्तव्य आहे. हात उठताच क्षणभर थांबावे, 'हे मुलासाठी की माझ्या रागासाठी?' असे स्वतःस विचारावे, आणि राग शमल्यावरच मुलास जवळ बसवून त्याची चूक समजावून सांगावी.