सासवण्याचे शिल्पघर

(अलिबाग तालुक्यातील सासवणे हे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे गाव. तेथील त्यांच्या घराचे आता शिल्पसंग्रहालय झाले आहे. शाळेतील मुलांना घेऊन तेथे केलेल्या एका सहलीची हकीकत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी प्रस्तुत पाठात सांगितली आहे. एखादी वस्तू दिसणे आणि ती पाहणे यांत काय अंतर आहे, याचा विचार पाठ वाचताना करावा.)

हिवाळ्याचे दिवस होते. सहावी-सातवीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही अलिबागहून सकाळच्या एस. टी.ने निघालो. सहल म्हटली की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे दोनच स्थळे उभी राहतात. ओहोटीच्या वेळी पायी जाता येणारा कुलाबा किल्ला, नाही तर कनकेश्वराचा डोंगर. या खेपेस मात्र आम्ही शिल्पे पाहावयास निघालो होतो आणि मुलांचा उत्साह काहीसा बेताचाच होता.

"शिल्पे म्हणजे पुतळेच ना, गुरुजी? चौकातला पुतळा आम्ही रोज पाहतो," एक मुलगा म्हणाला.

"रोज पाहतोस ना? मग सांग बरे, त्या पुतळ्याची मान कोणत्या बाजूला वळलेली आहे?"

तो गप्प झाला. इतरांनीही एकमेकांकडे पाहिले. कोणालाच सांगता येईना. "असू द्या," मी म्हणालो, "आज आपण पाहावयास शिकणार आहोत."

चोंढीचा नाका मागे पडला. किहीम गेले, आवास गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या. उजव्या हातास कनकेश्वराचा डोंगर दिसत होता आणि डाव्या हातास समुद्र झाडांआड लपला असला, तरी त्याचा खारा वारा अंगाला लागत होता. थोड्याच वेळात सासवणे आले.

संग्रहालय म्हणताच मोठी दगडी इमारत, उंच जिने आणि काचेची कपाटे मनात येतात. येथे तसे काही नाही. हे एक घर आहे. त्याला आवार आहे, झाडे आहेत, आणि घरात व आवारात मिळून शंभराहून अधिक शिल्पे आहेत. आवारात म्हैस पाहून पुढची दोन मुले चटकन बाजूला सरली. मग कोणीतरी हसले आणि साऱ्यांच्या लक्षात आले, की ही म्हैस कधीच हलणार नाही! ते शिल्प होते. घाबरलेली मुले ओशाळली, पण मी म्हणालो, "ओशाळू नका. शिल्पकाराला तुम्ही दिलेली ही शाबासकीच आहे."

मग मी मुलांना एक नियम सांगितला. "चित्रासमोर आपण उभे राहतो. शिल्पाभोवती मात्र आपण फिरावयाचे असते. चित्राला एकच बाजू असते. शिल्पाला जितक्या जागी तुम्ही उभे राहाल, तितक्या बाजू असतात. म्हणून प्रत्येक शिल्पाभोवती सावकाश एक फेरी घाला. कोठेही हात लावू नका. बोटांचा घाम आणि तेल दिसत नाही. परंतु हजारो बोटे लागली म्हणजे शिल्पाचा पृष्ठभाग डागाळतो आणि झिजतो. हात पाठीमागे बांधा आणि डोळे मोकळे सोडा."

मुले फिरू लागली. येथे 'शंखध्वनी' हे करमरकरांचे गाजलेले शिल्प आहे. शिल्पाला आवाज नसतो. तरी त्यापुढे मुले आपोआप हळू बोलू लागली. थोर पुढाऱ्यांच्या प्रतिमा आहेत. पण त्यांच्याच जोडीला हमाल आहे, मासळी विकणारी कोळीण आहे, घरातली, शेतातली, बाजारातली माणसे आहेत. करमरकर उतारवयात सासवण्यास राहिले, तेव्हा त्यांनी गावातल्या माणसांनाच समोर बसवून शिल्पे घडविली. राजेरजवाड्यांचे पुतळे घडविणाऱ्या हातांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही तितक्याच आदराने पाहिले.

कोळिणीच्या शिल्पापाशी एक मुलगी बराच वेळ उभी होती. ती आमच्या शाळेत कोळीवाड्यातून येत असे. वर्गात ती फारशी बोलत नसे. मी जवळ जाताच तिने हळूच विचारले, "गुरुजी, ही कोण होती?"

"का गं?"

"आमच्या आजीसारखी आहे. पुतळे मोठ्या माणसांचे करतात ना? मग हिचा कसा केला?"

मी तिला म्हणालो, "ज्याच्याकडे कोणी नीट पाहिले, तो माणूस मोठाच दिसतो, बाळ." ती काही बोलली नाही. तिने पुन्हा एक फेरी घातली आणि मग आपल्या मैत्रिणींना हाक मारून तेथे आणले.

एवढ्यात मुलांचे प्रश्न सुरू झाले. ही शिल्पे दगडाची का? ती कशी करतात? आपल्या जिल्ह्यातील मुलांना हे समजावणे सोपे आहे. कारण पेणचे गणपती साऱ्यांनी पाहिलेले असतात. शिल्पकारही प्रथम मातीतच काम करतो. आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभारतात, त्यावर ओली माती चढवितात आणि बोटांनी व लहान हत्यारांनी आकार देतात. परंतु माती वाळते, तडकते. म्हणून मातीच्या आकृतीवर प्लॅस्टरचा थर देऊन साचा काढतात. साच्यातील माती काढून टाकली, की आत आकृतीची पोकळी उरते. त्या पोकळीत प्लॅस्टर किंवा सिमेंट भरले, की तीच आकृती टिकाऊ द्रव्यात मिळते. ब्राँझचे काम याहून अवघड असते. आकृतीचा मेणाचा थर तयार करून त्याच्या आतबाहेर उष्णता सोसणारे मिश्रण भरतात. तापविल्यावर मेण वितळून बाहेर येते आणि त्याने मोकळी केलेली जागा वितळलेली धातू भरून काढते. म्हणजे मेण नाहीसे होते आणि त्याचा आकार धातूत उरतो.

करमरकरांनी सिमेंटमध्येही पुष्कळ शिल्पे केली. ज्या सिमेंटने आपण घरे आणि विहिरी बांधतो, त्याच साध्या द्रव्यात त्यांना माणसाचे शरीर दिसले.

दुपारी झाडांच्या सावलीत बसून मुलांनी डबे सोडले. तेव्हा मी त्यांना या घराच्या धन्याची गोष्ट सांगितली.

विनायक करमरकर यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी याच गावी झाला. त्या वेळी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. विनायकाला लहानपणापासून चित्रे काढण्याचा नाद होता. एकदा त्याने गावातील देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. पुढे जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस ते पडले. भिंतीवर रेघोट्या ओढल्या म्हणून साहेब रागावले नाहीत. ते थांबले. त्यांनी चित्र पाहिले आणि ते काढणाऱ्या मुलाचा शोध घेतला. त्यांच्या साहाय्याने विनायक मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाला.

पुढे रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांच्या प्रोत्साहनाने करमरकर कलकत्त्यास गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमीतही त्यांनी अभ्यास केला. पुण्यातील शिवाजीनगर भागात १९२८ साली शिवाजी महाराजांचा जो अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो त्यांच्याच हातचा. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा ब्राँझमध्ये एकसंध ओतलेला आहे. सासवण्याच्या भिंतीवरचा शिवाजी असा पुण्यास घोड्यावर बसला! भारत सरकारने करमरकरांना 'पद्मश्री' देऊन गौरविले. १३ जून १९६७ रोजी ते निवर्तले.

गोष्ट सांगता सांगता मी मध्येच थांबलो. मुलांना कारण कळले नाही; आज ते सांगतो. मला त्या क्षणी माझ्याच शाळेतील एक भिंत आठवली. कित्येक वर्षांपूर्वी त्या भिंतीला नुकताच चुना दिला होता आणि दुसऱ्याच दिवशी एका मुलाने तिच्यावर कोळशाने बैल काढला. मी संतापलो. सर्वांदेखत त्याला बोललो आणि बादलीभर पाणी देऊन भिंत धुवावयास लावली. तो बैल चांगला होता की वाईट, हे मला आज सांगता येत नाही. कारण मी तो पाहिलाच नव्हता. मला फक्त भिंतीवरचा डाग दिसला होता. भिंती खराब करू नयेत, हा नियम खराच. पण पुसण्यापूर्वी घटकाभर पाहिले असते, तर माझे काय गेले असते? त्या मुलाने पुन्हा चित्र काढले की नाही, हे मला ठाऊक नाही.

डबे आटोपल्यावर एका मुलाने विचारले, "गुरुजी, ही शिल्पे मुंबईत का नेत नाहीत? तेथे जास्त लोक पाहतील."

प्रश्न विचार करण्याजोगा होता. मुंबईच्या जहांगीर कलादालनात १९५२ पासून प्रदर्शने भरत आली आहेत. तेथील चित्रे येतात आणि काही दिवसांनी जातात. संग्रहालयातील कायमचा संग्रह मात्र आपली वाट पाहत तेथेच असतो. आज पाहिलेले शिल्प तुम्ही वीस वर्षांनी पुन्हा पाहू शकता. शिल्प तेच असते, पाहणारे तुम्ही बदललेले असता. असे संग्रह केवळ मोठ्या शहरांतच असावेत, असेही नाही. सातारा जिल्ह्यातील औंध या लहानशा गावी तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभारले. फ्रान्समध्ये थोर शिल्पकार रोदँ यांनी १९१६ साली आपली शिल्पे राष्ट्राला अर्पण केली आणि पॅरिसमध्ये ते जेथे काम करीत, त्याच वास्तूत १९१९ साली त्यांचे संग्रहालय उघडले. कलावंताच्या घरी जाऊन त्याची कला पाहण्यात एक वेगळा अर्थ आहे. सासवण्याची कोळीण सासवण्यात पाहावी. तिच्यासारख्या बाया, तिची वाट आणि तिचा समुद्र येथेच आहेत.

पण असा संग्रह आपोआप राहत नाही. किनाऱ्यावरील हवेत क्षार असतो, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, सिमेंटमधील सळी गंजून फुगली की वरचा थर तडकतो. कोणीतरी रोज झाडावे, पुसावे, तडे पाहावे, दार उघडावे, तेव्हा हे राहते. करमरकरांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांनी हे घर जपले आणि सर्वांना पाहावयास खुले ठेवले. आपल्याकडून होण्यासारखे एवढेच, की तेथे जावे, प्रवेशशुल्क आनंदाने द्यावे, हात न लावता पाहावे आणि घरी जाऊन दुसऱ्यास सांगावे.

परतीची एस. टी. भरलेली होती. वाटेत एक म्हातारी कोळीण रिकामी पाटी घेऊन चढली. ती सकाळपासून मासळी विकून दमलेली होती. एरवी आमची मुले खिडकीची जागा सोडीत नाहीत. त्या दिवशी सकाळी मला 'चौकातला पुतळा आम्ही रोज पाहतो' असे ऐकविणारा मुलगा उठला आणि म्हणाला, "बसा, आजी." आजी बसली. तिच्या हातावरच्या सुरकुत्यांकडे तो अलिबाग येईपर्यंत पाहत होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या मागील व्हरांड्यातील एक भिंत काळ्या रंगाने रंगवून घेतली, खाली खडूंचा डबा ठेवला आणि मुलांना सांगितले, "ही भिंत तुमची. येथे काहीही काढा. शनिवारी पुसू, पण मी पाहिल्यावाचून पुसावयाचे नाही."

पहिल्या शनिवारी त्या भिंतीवर एक म्हैस, दोन होड्या आणि एका आजीचा चेहरा होता.

शब्दार्थ
ओहोटी – समुद्राचे पाणी मागे सरणे. ओशाळणे – लाजून खजील होणे. अश्वारूढ – घोड्यावर बसलेला. एकसंध – जोड नसलेला. निवर्तणे – मृत्यू पावणे. कलादालन – चित्रे व शिल्पे मांडण्याची मोठी जागा. पश्चात – मागे, नंतर.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सासवण्याच्या आवारातील कोणते शिल्प पाहून दोन मुले बाजूला सरली?
(आ) पुण्यातील अश्वारूढ पुतळा कोणत्या साली उभा राहिला?
(इ) शिल्पांना हात का लावू नये?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मातीची आकृती टिकाऊ द्रव्यात कशी आणतात?
(आ) प्रदर्शन आणि कायमचा संग्रह यांत काय फरक आहे?
(इ) ऑटो रॉथफील्ड आणि पाठातील मुख्याध्यापक यांच्या वागण्यात कोणता फरक होता? मुख्याध्यापकांनी आपली चूक कशी भरून काढली?

३. 'ज्याच्याकडे कोणी नीट पाहिले, तो माणूस मोठाच दिसतो.' या वाक्याचा अर्थ तुमच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. वाक्यांत उपयोग करा : दृष्टीस पडणे, नाद असणे, वाट पाहणे.

५. उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या पुतळ्याभोवती किंवा मूर्तीभोवती सावकाश फेरी घाला. समोरून, बाजूने आणि मागून काय काय दिसले, ते दहा ओळींत लिहा.