धूर तेलात उतरवायचा

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, ‘मावशी, बुरिटोच्या दुकानातले काळे बीन्स खाताना चुलीवरच्या जेवणाचा वास येतो, आणि मी घरी सगळे मसाले घातले तरी त्याचा राजमाच होतो.’ फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहून पाठवते. तू मसाले वाढवत बसलीस, तिथेच वाट चुकली. तो वास मसाल्याच्या डब्यात नाही. तो धुराचा आहे, आणि धूर आधी तेलात उतरवावा लागतो. वरून भुरभुरवलेला धूर वरच राहतो. दुसरं म्हणजे बीन्स ज्या पाण्यात शिजले ते काळंभोर पाणी. ते तू सिंकमध्ये ओतत असशील तर अर्धी चव तिथेच गेली.

हे सगळं मी सॅन अँटोनियोत आमच्या शेजारी राहणाऱ्या, मेक्सिकोतल्या वाहाकाच्या आजींकडून शिकले, त्यांच्या शेगडीपाशी उभं राहून. त्यांना मराठी येत नाही, मला स्पॅनिश जेमतेम. पण फोडणी बघून समजते.

आधी बीन्सचं. मेक्सिकोत सगळीकडे काळे बीन्स खात नाहीत. उत्तरेकडे फिकट तपकिरी पिंटो. काळे खाणारी माणसं दक्षिणेकडची आणि आखाताच्या किनाऱ्याची, म्हणजे वाहाका, व्हेराक्रूझ, युकातान. म्हणून टेक्सासातल्या जुन्या खानावळीत नुसते ‘बीन्स’ मागितले की बहुधा पिंटो येतात. दोन्ही आपल्या राजम्याच्या, घेवड्याच्याच जातीचे. तुझी आई काळे उडीद घेऊ का म्हणून विचारत होती. तिला सांग, उडदाचा इथे काही संबंध नाही. पुण्यात काळा राजमा मिळाला तर उत्तम, नाही तर कोरेगावकडचा वाघ्या घेवडा घ्यावा. रंग काळा येणार नाही, पण रस दाट होतो आणि धूर तोही छान धरतो.

तू मात्र इथे मेक्सिकन दुकानातून घे, जिथे पोत्यातला माल रोज खपतो. कडधान्य उष्ण, दमट जागी फार दिवस पडलं की ते कितीही शिजवलं तरी आत खडखडीत राहतं. त्यात तुझ्या हाताचा दोष नसतो. साल तकतकीत, फुटलेले दाणे कमी, असं बघायचं. ताटात पसरून खडे निवडायचे, हे सांगायला नको.

आता भिजवायचं की नाही. आपल्याकडे कडधान्य न भिजवता शिजवणं म्हणजे आळस समजतात. आजी मात्र काळे बीन्स कधीच भिजवत नाहीत. त्यांचं म्हणणं मला पटलं आहे, कारण काळा रंग सगळा सालीत असतो, आणि भिजवलेलं पाणी ओतून दिलं की रंगही जातो, चवही जाते. उरतात ते राखाडी, जांभळट दाणे. पण घरात कुणाला वात होत असेल तर रात्रभर भिजव आणि ते पाणी टाकून दे. गॅस करणाऱ्या साखरा थोड्या तरी त्यात निघून जातात. रंग जरा फिका येईल, तेवढं चालवून घ्यायचं. तुझ्या सासूबाई येतील तेव्हा भिजवच.

मिठाबद्दल तुझ्या आईचं आणि माझं कधी जमणार नाही. ती म्हणते, मीठ शेवटी, नाही तर दाणे कडक राहतात. तसं होत नाही. मिठाच्या पाण्यात साल उलट मऊ होते आणि दाणा आतपर्यंत अळणी राहत नाही. कडकपणा येतो तो आंबटाने. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही दाणा पूर्ण शिजायच्या आत पडलं की तो तिथेच थबकतो, मग दोन तास उकळत बस. म्हणून मीठ सुरुवातीला आणि आंबट शेवटी, हा क्रम सोडू नकोस. सोडा अजिबात नको. दाणे लवकर शिजतात खरे, पण चवीला साबण लागतो.

प्रमाण घे. एक पौंडाची पिशवी, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम. त्याला दोन लिटर पाणी, दोन छोटे चमचे मीठ, अर्धा कांदा न चिरता तसाच, तीन-चार लसणाच्या पाकळ्या सोलून, एक तमालपत्र. मेक्सिकन दुकानात एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला मिळतो. त्याची एक काडी शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत टाकायची. पहिल्यांदा हुंगशील तर रॉकेलची आठवण येईल, पण शिजल्यावर तो वास बीन्समध्ये मुरतो आणि मग त्याच्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं. एकच काडी मात्र, आणि घरात कुणी गरोदर असेल तर ती घालूच नये.

साध्या पातेल्यात दीड ते दोन तास लागतात. इलेक्ट्रिक कुकरमध्ये न भिजवलेले अर्ध्या तासात होतात, भिजवलेले दहा मिनिटांत. त्यात पाणी दीड लिटरच घाल, आणि वाफ आपोआप जिरू दे. झटक्यात सोडलीस की साली फाटून वर तरंगतात. आईच्या शिट्टीच्या कुकरमध्ये भिजवलेल्या दाण्यांना तीन शिट्ट्या आणि मग मंद आचेवर दहा मिनिटं.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की कर. स्लो कुकरमध्ये कच्चे बीन्स टाकून कामाला निघून जायचं नाही. राजम्याच्या जातीच्या दाण्यांत एक बाधणारं द्रव्य असतं. लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त, काळ्यात कमी, पण असतं. ते खळखळ उकळीनेच मरतं. नुसत्या कोमट-गरम आचेवर ते कच्च्याहून जास्त बाधू शकतं, मग उलट्या, जुलाब. आधी शेगडीवर अर्धा तास सणसणीत उकळ, मग हवं त्या भांड्यात घाल.

शिजले की नाही हे बघायची आजींची रीत मला फार आवडते. चमच्यात चार-पाच दाणे घ्यायचे आणि त्यांच्यावर फुंकर मारायची. साल तडकून मागे वळली की झालं. तरी मी ते सगळे दाणे खाऊन बघते, एक-एक करून. एकच चाखला तर फसगत होते, कारण एक मेणासारखा मऊ असतो आणि शेजारचा आत पिठूळ. जिभेवर दाबले की सगळेच विरघळले पाहिजेत. तेवढ्या वेळात पाण्याचा काळा, किंचित दाट रस झालेला असतो. तो रस जपायचा. कमी पडला तर उकळतं पाणी घालायचं, गार नाही.

आता धूर. तो तीन जागांवरून आणता येतो, आणि त्यातल्या पहिल्या दोनांपैकी एक जरी गाळलीस तरी दुकानातली चव येणार नाही.

पहिली जागा तवा. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापव. त्यावर कांद्याच्या जाड चकत्या, दोन टोमॅटो अख्खे आणि लसूण सालीसकट, तेलाचा थेंबही न घालता ठेव. मेक्सिकोत हेच कोमाल नावाच्या तव्यावर करतात, आणि आपण वाटणासाठी कांदा विस्तवावर भाजतो ते काही वेगळं नाही, त्यामुळे तुझा हात इथे बसलेला आहे. कांद्याला काळे डाग पडले पाहिजेत, पण तो कोळसा होता कामा नये. डागाच्या कडेला तपकिरी, गोडसर पट्टा दिसतो, तिथे थांब. पूर्ण काळा झाला की धुराऐवजी कडूपणा उतरतो. टोमॅटो सगळीकडून फुटून रस सोडायला लागला की काढ. लसूण सोलून घे आणि तिन्ही जाडसर ठेच. मिक्सरची पेस्ट नको.

दुसरी जागा चिपोटले. पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची धुरावर कित्येक तास, कधी कधी दिवसचे दिवस सुकवतात, तीच ही. छोट्या डब्यात टोमॅटो, लसूण, व्हिनेगरच्या लाल रसात बुडवलेली मिळते, त्या रसाला आदोबो म्हणतात. एका पौंडाला दोन मिरच्या बारीक चिरून आणि एक मोठा चमचा रस. डब्यात आठ-दहा मिरच्या असतात. उरलेल्या मेणकागदावर एकेक वेगळी ठेवून फ्रीजरमध्ये टाक, घट्ट झाल्या की पिशवीत भर. महिनोन् महिने कामाला येतात.

आणि आता फोडणी. सगळी मेख इथे आहे. तीन मोठे चमचे तेल, त्यात अर्धा कांदा बारीक चिरून मध्यम आचेवर कडा तांबूस होईपर्यंत परत. अर्धा चमचा जिरेपूड, जास्त नाही. वाहाकाच्या आजी जिरं घालतच नाहीत, टेक्सासवाले सढळ घालतात. मी मध्ये थांबते, कारण जिरं वाढलं की आपली जीभ लगेच उसळीकडे धावते. मग चिपोटले आणि त्याचा रस. आता घाई करू नकोस. आधी सगळं एकत्र खदखदेल, मग रस आटेल, आणि मग कडेने लालभडक तेल सुटायला लागेल, मिसळीच्या कटासारखं. धुराच्या वासातली द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात चांगली विरघळतात. तेल सुटलं म्हणजे धूर तेलात उतरला, आणि आता ते तेल जिथे जाईल तिथे धूर जाईल. त्यानंतर भाजलेला टोमॅटो-कांद्याचा ठेचा, पुन्हा तेल सुटेपर्यंत. गॅस बंद करून अर्धा चमचा स्मोक्ड पॅप्रिका, आणि लगेच बीन्सचा एक पळीभर रस वर ओत. पॅप्रिका गरम तेलात क्षणात करपते, म्हणून रसाची पळी आधीच हातात धरून उभी राहा.

ही फोडणी बीन्समध्ये घाल. ओरेगानो मेक्सिकन आण, पिझ्झावरचा नको. दोन्ही वेगळ्या कुळांतल्या वनस्पती आहेत आणि मेक्सिकनला लिंबासारखा वास असतो. तळहातावर चुरून घाल. पातेल्यातले एक तृतीयांश दाणे पळीच्या पाठीने कडेला दाबून घोट, म्हणजे रस अंगाबरोबर येतो. वीस मिनिटं झाकण न ठेवता मंद आचेवर. उतरवल्यावर एका लिंबाचा रस.

तिसरी जागा निखारा, आणि ती खास तुझ्या आईसाठी. पुण्यात चांगला चिपोटले सहज मिळत नाही, आणि त्या नावाच्या बाटल्यांत बहुतेक मेयोनीज असतं. तिने ब्याडगी मिरची भिजवून वाटावी, त्यात चमचाभर व्हिनेगर आणि गुळाचा खडा, आणि फोडणीत तेल सुटू द्यावं. मग वाटीत लालबुंद निखारा ठेवून वाटी बीन्सच्या मधोमध ठेवावी, निखाऱ्यावर अर्धा चमचा तूप, आणि झाकण घट्ट. पाच मिनिटं पुरे, दहा झाली की घशाशी येतं. तू इथे अपार्टमेंटमध्ये हे केलंस तर सगळी इमारत रस्त्यावर येईल. अंगणात करायचं असेल तर लाकडाचाच कोळसा घे, पेट्रोलियमजन्य द्रव लावलेले वड्यांसारखे कोळसे अन्नाजवळ आणू नकोस. बंद घरात तर निखारा पेटवायचाच नाही, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो.

आजी एक चौथी युक्ती करतात. अव्होकाडोची वाळलेली पानं तव्यावर जराशी शेकून बीन्समध्ये टाकतात, मंद बडीशेपेचा वास येतो. मेक्सिकन दुकानात पाकीट मिळतं, तेच घ्यायचं. कुणाच्या बागेतल्या झाडाची पानं तोडून आणू नकोस, सगळ्या जातींची पानं खाण्यासारखी नसतात.

तू शाकाहारी आहेस म्हणून हेही सांगते. बाहेर घोटलेले बीन्स मागवताना आधी विचार, ‘सिन मान्तेका?’ मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. जुन्या खानावळींत घोटलेल्या बीन्समध्ये ती सर्रास असते आणि यादीवर लिहिलेली नसते. माणसं सरळ उत्तर देतात, विचारायला संकोच करू नकोस.

पहिल्या दिवशी बीन्स थोडे पातळच ठेव. रात्रीतून ते रस पितात आणि दुसऱ्या दिवशी धूर जास्त जाणवतो. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात. जास्त केले असतील तर रसासकट डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाक, कोरडे टाकलेस तर साली चामड्यासारख्या होतात. गरम करताना पाणी घाल, मीठ चाख, आणि लिंबू पुन्हा नव्याने पिळ, कालच्या लिंबाचा वास उडालेला असतो.