हातमोजे घेताना डब्याचा नव्हे, जोडीचा भाव पाहा

नागपुरात ऑपरेशन झालेला किंवा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला माणूस कोराडीच्या घरी परतला की डायपर, कापूस यांच्याबरोबर हातमोज्यांचा डबाही आणावा लागतो. काउंटरवर प्रश्न येतो, 'लेटेक्स की नायट्राइल?' आणि घाईत आपण स्वस्त असेल तो डबा उचलतो. तसे करू नका.

लेटेक्स म्हणजे झाडाच्या चिकापासूनचे रबर. हाताला छान बसते, पण काहींना त्याची ॲलर्जी असते. केळे किंवा पपई खाल्ल्यावर ओठ-घसा खाजणाऱ्यांनी तर जपूनच राहावे. पावडरवाले मोजे घेऊच नका. ती पावडर लेटेक्सचे कण हवेत पसरवते, म्हणून अमेरिकेने जानेवारी 2017 पासून त्यांवर बंदी घातली. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार घडते: रुग्णाच्या पाठीला खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली चोळणे. तेल लागले की लेटेक्स फुगते, सैल पडते आणि बोटाच्या टोकाशी फाटते. नायट्राइल हे कृत्रिम रबर तेलाला टिकते. व्हिनाइल स्वस्त असते, पण सैल बसते आणि लवकर फाटते. ते फार तर स्वयंपाकघरात वापरा. घरच्या शुश्रूषेसाठी माझे मत सरळ नायट्राइलला. निळा रंग पाहून मात्र ठरवू नका, डब्यावर काय छापले आहे ते वाचा.

आता पैशाचे. 100 नगांचा डबा म्हणजे 50 जोड्या. लेटेक्सचा डबा साधारण 250 ते 400 रुपयांना, नायट्राइलचा 300 ते 600 ला मिळतो. छापील किंमत बरेचदा याहून खूप वर असते, म्हणून भाव विचाराच. दिवसातून चार वेळा रुग्णाला स्वच्छ करायचे, तर महिन्याला 120 जोड्या, म्हणजे जवळपास अडीच डबे लागतात. 350 चा डबा धरला तर जोडी 7 रुपयांना पडते आणि महिन्याचा खर्च 840. तीच जोडी सुटी 12 रुपयांना घेतली तर 1,440. नागपूरला तपासणीसाठी जाणे होतेच, तेव्हा गंजीपेठेतल्या दवाबाजारात दर विचारून या. तपासणीच्या रबरी मोज्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर नजर टाका. वेगळ्या पाकिटात बंद, साडेसहा-सात अशा नंबरांचे निर्जंतुक सर्जिकल मोजे डायपर बदलायला लागत नाहीत. नर्स कॅथेटर घालणार असेल तर ती मागेल.

डबा घेताना मुदत, लॉट नंबर आणि उत्पादकाचा पत्ता पाहा. माप तळहाताच्या घेरावरून ठरते: अंगठा सोडून साधारण आठ इंच भरला तर मीडियम. घट्ट मोजा ताणून फाटतो, सैल मोजा निसटतो.

खरा घोळ साठवणीत होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि टिनाखालची खोली त्याहून तापते. उष्णता, ऊन आणि विजेच्या मोटारी किंवा वेल्डिंगजवळ तयार होणारा ओझोन रबराला ठिसूळ करतात. गच्चीवरची खोली, खिडकीची कड, गाडीची डिकी आणि ओलसर वारा फेकणाऱ्या कूलरसमोरची जागा टाळा. आतल्या खोलीतले बंद कपाट उत्तम. जुन्या डब्यातला मोजा चिकटलेला निघाला किंवा ताणताच तडकला, तर डबा फेकून द्या. पाच-सहा डबे एकदम भरून ठेवण्यात बचत नाही.

वापरलेला मोजा धुऊन पुन्हा घालू नका. मनगटाकडून उलटा करत काढा, मग साबणाने हात धुवा. मोजा होता म्हणून हात धुणे टळत नाही. दवाखान्यात हे मोजे लाल पिशवीत जातात. घरी कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत बांधा आणि देताना कचरागाडीवरच्या माणसाला त्यात काय आहे ते सांगा, कारण पुढे तो कचरा कुणीतरी हातानेच निवडतो.