लेबलावरच्या वयाला भुलू नका

बारीक चणीच्या लहान मुलांसाठी तयार पँट घेताना जी ओढाताण होते, तिचं मूळ मुलाच्या अंगात नाही, कपड्याच्या लेबलावर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लेबलावर '४-५ वर्षे' असं छापलेलं असतं. दुकानदार वय विचारतो, आपण सांगतो आणि जी पँट हाती पडते ती कमरेला ढगळ निघते. एक माप खाली उतरावं तर कंबर बसते, पण मोहरी घोट्याच्या वर जाते आणि आसन काचतं. एक माप वर जावं तर मूल एका हाताने पँट धरूनच पळतं. यातून सुटण्याचा मार्ग एकच आहे, असं अनुभव मला सांगतो: पँट पायाच्या लांबीवरून आणि आसनावरून निवडावी आणि कंबर मागाहून बसवून घ्यावी. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात. कंबर बसली की पँट बसली असं धरून चालतात आणि तिथेच फसतात.

वय हे माप का होऊ शकत नाही, हे समजायला मुलांच्या वाढीचा तक्ता पुरेसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांच्या वाढीची मानकं प्रसिद्ध केली. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या मुलांची मापं घेतली होती; भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. या मानकांनुसार पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलग्याची मधली उंची ११० सेंटिमीटर आहे, पण साधारण १०१ ते ११९ सेंटिमीटरपर्यंतची उंची नेहमीच्या मर्यादेतच धरली जाते. म्हणजे एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांत १८ सेंटिमीटरचा फरक असू शकतो. युरोपात मुलांच्या कपड्यांची मापपद्धती उंचीवर बेतलेली आहे आणि दर सहा सेंटिमीटरला माप बदलतं: १०४, ११०, ११६ असं. त्या हिशेबाने आपल्या दोन पाच वर्षांच्या मुलांत तीन मापांचं अंतर पडेल, आणि आपल्याकडे मात्र दोघांच्याही हाती एकच पँट दिली जाते. शिवाय ही झाली नुसती उंची. कंबर उंचीच्या प्रमाणात असतेच असं नाही. वयाचा आकडा कमरेबद्दल तर काहीच सांगत नाही.

यावर घरातल्या मोठ्या माणसांचं एक ठरलेलं म्हणणं असतं: वाढत्या अंगाचं घ्या, आता ढगळ असलं तरी वर्षभरात अंग भरेल आणि पँट बसेल. गुटगुटीत बाळाच्या बाबतीत काय होतं ते सोडा, पण तीन ते सात या वयात हा हिशेब बहुधा चुकतो, कारण या वयात शरीर भरत नाही, ताणलं जातं. वजन आणि उंची यांचं प्रमाण दाखवणारा बीएमआय बाळ एक वर्षाचं असताना जास्त असतो, मग उतरत जातो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळ गाठतो आणि त्यानंतर पुन्हा चढू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्याच आकड्यांत मुलग्यांचा मधला बीएमआय एका वर्षी १६.८ आहे आणि पाचव्या वर्षी १५.२. बाळसं झडतं, पोट आत जातं, पाय लांबतात. उंची वर्षाला सहा-सात सेंटिमीटरने वाढत असताना कंबर जेमतेम सरकते. जे मूल मुळातच बारीक आहे, त्याच्या बाबतीत हे अधिकच ठळक दिसतं. म्हणून कमरेला ढगळ असलेली पँट वर्षभर जपून ठेवली, तर वर्षाने ती कमरेला ढगळच राहते आणि वर लांबीला आखूड होते. वाढीसाठी जागा ठेवायची असेल तर ती खाली ठेवावी, मोहरीच्या आत चांगली दोन इंच दुमड ठेवून. कमरेत ठेवलेली माया या वयात वाया जाते.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे आणि तिचं उत्तर टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. मूल बारीक आहे तर त्याला खायला घाला, कपड्यांची चिंता कसली करता, असं म्हणणारे चुकीच्या जागी पण खऱ्या काळजीने बोलतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली. देशाचा आकडा १९.३ टक्के होता. एवढ्या मोठ्या प्रश्नाकडे 'चणच तशी आहे' म्हणून डोळेझाक करता येत नाही. पण बारीक असणं आणि कुपोषित असणं हे नुसत्या नजरेने ठरत नाही, आणि पँट घसरते एवढ्यावरून तर मुळीच नाही. ते वाढीच्या आलेखावरून ठरतं. अंगणवाडीत किंवा बालरोगतज्ज्ञांकडे उंची-वजनाची नोंद करून घ्यावी. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेरही मोजतात. तो साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लगेच डॉक्टरांचा सल्ला घ्यायला हवा. आलेख आपल्या रेषेने नीट चढत असेल, मूल खेळतं-खातं असेल, तर ते निरोगी आणि सडपातळ आहे, आणि त्याला अंगावर बसणारे कपडे मिळण्याचा हक्क आहे. दुकानात त्याच्यासमोर 'किती वाळलाय हा, याला काही बसतच नाही' असं बोलणं तर अगदी टाळावं. दोष कापडाच्या बेतात असतो आणि ऐकून घेतं मूल.

तो बेत असा का, याचंही कारण आहे. भारतीयांच्या शरीराची स्वतःची मापं असावीत म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशन शिक्षणसंस्था यांनी 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला, सहा शहरांत पंचवीस हजारांहून अधिक लोकांची मापं स्कॅनरने घेण्यासाठी. चांगलं काम, पण त्याचा वयोगट १५ ते ६५. लहान मुलं त्यात नाहीत. त्यामुळे मुलांच्या कपड्यांचा कारखानदार आजही परदेशी तक्ता, जुना साचा आणि अंदाज यांवर चालतो, आणि माप वाढवताना कंबर, मांडी, लांबी सगळं एका ठरीव प्रमाणात वाढवत नेतो. मुलं तशी वाढत नाहीत. ठरीव मापावरून घाऊक शिवलं की काय होतं ते आपण २०२४ मध्ये शाळांतही पाहिलं. 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत मुलांच्या अंगाला न बसणारे कपडे आल्याच्या तक्रारी राज्यभरातून झाल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आली.

आता दुकानात काय करावं ते सांगतो. घरून निघतानाच तीन मापं लिहून न्यावीत: उंची, बेंबीच्या किंचित खालून कमरेचा घेर, आणि जांघेपासून घोट्यापर्यंत पायाची लांबी. टेप लावला की मुलं पोट आत ओढतात, म्हणून बोलतं ठेवून माप घ्यावं, आणि शक्यतो जेवणानंतर, कारण या वयात भरल्या पोटाने घेर चांगलाच बदलतो. जिची कमरपट्टी मुळीच ताणत नाही अशी पँट लहान मुलाला सोयीची नाही, त्याचं कारण हेच. पँट निवडताना कमरपट्टीची आतली बाजू उलटून पाहावी. दोन्ही बाजूंना काजं असलेलं चपटं इलॅस्टिक आणि ते अडकवायला बटण असेल, तर ती पँट लांबीप्रमाणे घ्यावी आणि कंबर हवी तितकी आवळावी. बारीक मुलांसाठी यापेक्षा चांगली सोय मी पाहिलेली नाही. घातल्यावर मुलाला नुसतं उभं करून आरशात पाहू नये. मांडी घालून बसवावं, उकिडवं बसवावं, दोन्ही हात वर करून उडी मारायला लावावी. आपली मुलं जमिनीवर बसतात, जेवतात, खेळतात. उभ्याने छान दिसणारी पँट उकिडवं बसताच मागून खाली सरकते, आणि बारीक मुलाच्या पाठीशी कमरपट्टीत मोठी फट पडते. ही फट पडत असेल तर ती पँट आसनाला उथळ आहे, कमरेला कितीही आवळली तरी बसणार नाही, परत ठेवावी. इलॅस्टिकच्या आत दोन बोटं सहज जावीत आणि अर्ध्या तासाने कातडीवर वळ दिसू नयेत. ऑनलाइन घेताना वय निवडण्याआधी घरातली नीट बसणारी पँट सपाट पसरून मोजावी आणि तक्त्यातला आकडा शरीराचा आहे की कपड्याचा, ते वाचावं. घोटाळा बहुतेक तिथेच होतो.

कंबर बसवून घेण्याचं काम गल्लीतला कोणताही टेलर करतो. पण सुती पँट आधी एकदा धुवावी, कारण ती आटते, आणि आटते ती मुख्यतः लांबीत. नेफ्यात इलॅस्टिक असेल तर आतून थोडी शिवण उसवून, इलॅस्टिक ओढून, जादा भाग कापून पुन्हा टीप मारली की झालं. हे घरीही जमतं. पट्टीची पँट मागच्या मधल्या शिवणीतून आत घेता येते, पण इंच-दीड इंचापर्यंतच. त्याहून जास्त घेतली की मागचे खिसे एकमेकांना भिडतात, आसन ओढलं जातं आणि सगळा बेत बिघडतो. काजांचं इलॅस्टिक पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत भुलेश्वरला शिलाईच्या सामानाच्या दुकानांत मिळतं आणि साध्या पँटीतही बसवता येतं.

पट्टा लावून भागतं, असं कोणी म्हणेल. भागत नाही. ढगळ कापड पट्ट्याखाली चुण्या होऊन टोचतं, आणि घाईची लागलेल्या चार वर्षांच्या मुलाला बक्कल सुटत नाही. बालवाडीत स्वतःचं स्वतः करायला शिकण्याच्या वयात ही अडचण लहान नाही. गॅलसचंही तेच. सेफ्टी पिन तर लावूच नये. नाडी चांगली, पण तिची टोकं लोंबती नकोत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ मध्येच सांगितलं होतं, की मुलांच्या जॅकेट-स्वेटशर्टच्या कमरेच्या नाड्या वाहनाच्या दारात अडकतात. कपडा पूर्ण ताणल्यावर टोक तीन इंचांहून जास्त बाहेर राहू नये, टोकाला गाठ किंवा मणी नसावा आणि नाडी मध्यभागी शिवून टाकलेली असावी. आपल्याकडे शाळेच्या बसमधून रोज चढउतार करणाऱ्या मुलांच्या पँटीसाठीही हा नियम जसाच्या तसा पाळण्यासारखा आहे.

खर्चाचा मुद्दा उरतो. दुरुस्तीचे पैसे वेगळे पडतात, हे खरंच. पण न बसणाऱ्या चार स्वस्त पँटी कपाटात पडून राहण्यापेक्षा बसणाऱ्या दोन अंगावर झिजलेल्या बऱ्या, आणि लांबीला दुमड व कमरेला बटण असलेली पँट एका वर्षाऐवजी दोन वर्षं चालते. ज्यांना तेवढंही परवडत नाही, त्यांच्यासाठी खरा उपाय कारखान्यात आहे. सोलापूर हे गणवेशाच्या उत्पादनाचं मोठं केंद्र आहे. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या उत्पादकांना माझी विनंती आहे, की मुलांच्या प्रत्येक पँटीत काजांचं इलॅस्टिक घाला, मोहरीत दोन इंच कापड सोडा आणि लेबलावर वयाच्या जोडीला उंची व कंबर सेंटिमीटरमध्ये छापा. पालकांनीही दुकानात हे मागायला लागावं. गिऱ्हाईक मागत नाही तोवर दुकानदार ते वर कळवणार नाही.