समुपदेशनाला जाताना: फी किती, सत्रं किती आणि आधी काय विचारायचं

पहिल्यांदा समुपदेशकाकडे गेलो त्या दिवशी माझ्या ताईने रुमालात पाचशेची एक नोट बांधून घेतली होती. डॉक्टरला देतो तेवढेच द्यावे लागतील, असा तिचा हिशोब. भाऊजींना जाऊन चार महिने झाले होते, झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं, आणि फॅमिली डॉक्टरांनीच चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. सत्र संपल्यावर बाहेर बसलेल्या मुलीने १,५०० रुपये सांगितले. वरचे हजार मी भरले. रिक्षात घरापर्यंत ताई एक शब्द बोलली नाही आणि पुढचे दोन महिने तिकडे फिरकली नाही. आतल्या खोलीत ती तासभर रडली होती, त्याची तिला लाज वाटली नाही. बाहेर पैसे कमी पडले, त्याची वाटली.

ते दोन महिने वाया गेले नसते. अपॉइंटमेंट घेताना फोनवर फी विचारायची राहिली, एवढीच चूक होती, आणि ती माझी होती.

तर आधी फी. मुंबई-पुण्यात खासगी समुपदेशक एका सत्राचे साधारण १,००० ते २,५०० रुपये घेतात. अनुभवी, नाव झालेल्या व्यक्तीकडे आकडा तीन-चार हजारांवर जातो. नुकतं काम सुरू केलेल्यांकडे सहाशे-आठशेतही सत्र मिळतं. मध्यम शहरांत ५०० ते १,२०० रुपये धरून चाला. पहिलं सत्र लांबतं, तास-सव्वा तास; पुढची ४५ ते ६० मिनिटांची. नवरा-बायको दोघे मिळून जाणार असाल तर वेळ जास्त लागतो आणि फी दीडपट होते. ऑनलाइन सत्राची फी थोडी कमी असते, जाण्यायेण्याचा खर्चही वाचतो. पण घरात दार लावून तासभर एकटं बसता येईल अशी जागा हवी. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे आणि मुलांसह राहणाऱ्या बाईला ती कुठून मिळणार? तिच्यासाठी बाहेर जाऊन बोलणंच बरं.

पण एका सत्राच्या आकड्यावर हिशोब करू नका. समुपदेशन म्हणजे एकदा जाऊन सल्ला घेऊन येणं नाही. नोकरी सोडावी की नाही, मुलाने कोणती शाखा घ्यावी, असा नेमका प्रश्न दोन-चार भेटींत मोकळा होतो. दुःख, चिंता, सतत येणारा राग यांना दहा-पंधरा सत्रं लागतात. लहानपणापासूनची जखम असेल तर वर्षही जातं. सुरुवातीला आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी, शेवटी महिन्यातून एकदा, असा क्रम असतो. म्हणून पहिल्या भेटीच्या शेवटी सरळ विचारा: "तुमच्या अंदाजाने साधारण किती सत्रं लागतील? आपण आढावा कधी घ्यायचा?" नेमका आकडा कोणी देणार नाही, देऊही नये. पण सहा सत्रांनी थांबून बघू, असं म्हणणारा माणूस जबाबदारीने काम करणारा असतो.

ताईचा हिशोब सांगते. दोन महिन्यांनी मी त्या समुपदेशक बाईंना फोन केला आणि खरं ते सांगितलं. "पुढच्या सत्रांचे हजार द्या, तेही जड जात असतील तर बोलू," त्या म्हणाल्या. अनेक समुपदेशक ऐपत बघून फी कमी करतात, पण आपणहून विचारावं लागतं. पहिल्या सत्राचे १,५००, पुढच्या नऊ सत्रांचे ९,०००, दहा वेळा रिक्षाचे दीडशेप्रमाणे १,५००. सगळे मिळून १२,००० रुपये, साडेचार महिन्यांत. आमच्यासारख्या घराला हा आकडा लहान नव्हता, पण आधी कळल्यावर तो बसवता आला.

कोणाकडे जाताय, ते बघून घ्या

पाटीवरच्या शब्दांत फरक असतो. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, एमबीबीएसनंतर एमडी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात; त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते आणि औषधं ते लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्या आणि मानसोपचार हे त्यांचं काम. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीच गैर नाही. तिसरे समुपदेशक. यांच्यात मानसशास्त्रात एमए केलेले असतात, समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेले असतात, आणि सहा महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन बसलेलेही असतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने मानसशास्त्रज्ञांचा व्यवसाय राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणला आहे. तरी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे आज परवाना असेलच असं नाही. पदवी कोणती, कुठून, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, किती वर्षं, हे विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. नावाआधी "डॉ." असेल तर ते वैद्यकीय आहे की पीएचडीचं, हेही विचारून घ्या.

झोप-भूक पार गेली असेल, भास होत असतील, जीव द्यावा असे विचार येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. औषध आणि समुपदेशन बरोबरीने चालतात. समुपदेशक जर तुमची चालू गोळी बंद करायला सांगत असेल, तर तो आपली हद्द ओलांडतो आहे.

चाचण्यांचा खर्च वेगळा पडतो. मुलांची बुद्ध्यंक चाचणी, अध्ययन अक्षमतेची तपासणी किंवा व्यक्तिमत्त्वाची चाचणी यांना दीड हजारापासून पाच-सहा हजारांपर्यंत घेतात. चाचणी कशासाठी, तिने उपचारात काय बदलणार आणि अहवाल लेखी मिळणार का, एवढं कळल्याशिवाय हो म्हणू नका.

पहिल्या सत्रात काय होतं

खोली साधी होती. दोन खुर्च्या, मध्ये टीपॉय, त्यावर पाण्याचा तांब्या आणि कागदी रुमालांचा डबा. घड्याळ ताईच्या पाठीमागच्या भिंतीवर, समुपदेशक बाईंना दिसेल असं. पहिली दहा मिनिटं मी आत होते, मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. आधी संमतीपत्र. त्यात लिहिलं होतं की इथलं बोलणं इथेच राहील, आणि ते कधी राहणार नाही तेही: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल, किंवा एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. शेवटच्या बाबतीत पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. हा कागद कोणी पुढे केला नाही तर तुम्ही मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा हक्क दिलेला आहे.

बऱ्याच दिवसांनी ताई म्हणाली, "त्यांनी काही सांगितलंच नाही गं. नुसतं विचारत होत्या." ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची असते. आपल्याला सल्ला ऐकायची सवय आहे. मावशी, शेजारीण, गुरुजी, सगळे काहीतरी सांगतात. "मन रमव, देवाचं नाव घे, मुलांकडे बघ." समुपदेशक तसं सांगत नाही. तुमच्याच बोलण्यातला धागा पकडून तो तुमच्यापुढे धरतो. तिसऱ्या सत्रानंतर ताईला एक दोनशे पानी वही करायला सांगितली: दिवसात जीव सगळ्यात जास्त कधी कासावीस होतो, ती वेळ फक्त लिहायची. आठ दिवसांची पानं पाहिली तर रोज संध्याकाळी सव्वासहा-साडेसहा. देवापाशी दिवा लावायची वेळ आणि भाऊजींची कामावरून यायची वेळ एकच होती. घरात इतक्या जणांनी इतकं समजावलं, पण हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्याही नाही. पुढची दोन सत्रं त्या अर्ध्या तासावरच झाली. १,००० रुपयांत काय मिळतं, असं मला कोणी विचारलं तर मी ती वही दाखवते.

अधेमधे एखाद्या सत्रानंतर आधीपेक्षा जास्त उदास वाटतं. ताईला पाचव्या सत्रानंतर दोन दिवस तसं झालं. ते पुढच्या वेळी तिथेच बोलायचं, घरी बसून सोडून द्यायचं नाही. चार-पाच सत्रांनंतरही हा माणूस आपलं ऐकतोय असं वाटत नसेल, तर मात्र बदला. समुपदेशक बदलणं म्हणजे कृतघ्नपणा नाही.

कुठे सावध व्हायचं, हेही सांगते. दरम्यान मी दुसरीकडे चौकशी केली, तेव्हा एका केंद्राने दहा सत्रांचे १८,००० रुपये आगाऊ मागितले; मधेच सोडलं तर परत मिळणार नाहीत, असं फोनवरच सांगितलं. असं पॅकेज घेऊ नका. "एकवीस दिवसांत डिप्रेशन बरं" अशी हमी, पत्रिका मागणं, तोडगे, मार खाणाऱ्या बाईला जुळवून घ्यायला सांगणं, दुसऱ्या रुग्णाची हकीकत नावानिशी सांगणं, यातलं काहीही दिसलं तर उठून या. प्रत्येक सत्राची पावती घ्या. पैसे देऊन घेतलेली ही सेवा आहे आणि फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पावती नसेल तर बोलणं अवघड होतं. सत्र रद्द करायचं तर चोवीस तास आधी कळवा, नाहीतर अनेक ठिकाणी पूर्ण फी लागते.

आरोग्य विम्याबद्दल दोन शब्द. त्याच २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचं बंधन कंपन्यांवर घातलं आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीचं संरक्षण घेतलेलं नसेल तर समुपदेशनाची फी खिशातूनच जाते. तुम्ही किंवा घरातलं कोणी मोठ्या कंपनीत असेल तर एचआरकडे चौकशी करा. काही कंपन्या कर्मचारी आणि कुटुंबासाठी ठरावीक सत्रं मोफत देतात आणि ती न वापरता तशीच राहतात.

पैसे नसतील तर

मग थांबू नका, कारण मोफत वाटा खऱ्या आहेत. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रांग असते आणि डॉक्टरांना वेळ कमी मिळतो. सकाळी लवकर जा, झोप, भूक आणि चालू औषधं एका कागदावर लिहून न्या. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांच्याही ओपीडी चालतात. तिथे गेलं म्हणजे दाखल करतात, ही भीती मनातून काढून टाका. नवरा-बायकोचा खटला कौटुंबिक न्यायालयात असेल तर तिथल्या विवाह समुपदेशकाला फी द्यावी लागत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवर मोफत समुपदेशन करते.

आणि केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री दोनलाही लागते. मराठीत बोलायचं आहे, एवढं आधी सांगा. हा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा, आणि घरात ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला कागदावर लिहून द्या.