मनाजोगी नोकरी : शोधावी कशी, मिळवावी कशी?



दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, "पुढे काय?" त्याला बहुधा एकच उत्तर मिळते, "सरकारी नोकरी बघा." हे उत्तर चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. पगार वेळेवर मिळतो, घर चालते. पण आपल्याला कोणते काम जुळेल आणि ते मिळण्यासाठी हातात काय असावे लागेल, हा विचार मागे पडतो. या पाठात आपण तो विचार उज्जैनशी नाते असलेल्या दोन मराठी माणसांच्या उदाहरणावरून करू या.

पहिले नाव गजानन माधव मुक्तिबोध. हिंदीच्या पाठ्यपुस्तकात आपण त्यांना वाचतो, पण ते मराठी घरातले होते हे आपल्या पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. त्यांचा जन्म 13 नोव्हेंबर 1917 रोजी श्योपूर येथे झाला. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात होते, त्यामुळे बदल्या होत. शिक्षणाचा काही काळ उज्जैनमध्ये गेला. 1930 साली मिडलच्या परीक्षेत ते नापास झाले. पुढे 1938 मध्ये इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी.ए. झाले.

त्यानंतर वीस वर्षे त्यांना एका जागी स्थिर होता आले नाही. बडनगर, शुजालपूर, उज्जैन येथे शाळामास्तरकी केली. बनारसला 'हंस' मासिकात काम केले. मग जबलपूरची शाळा, नागपूरचे सरकारी माहिती खाते, आकाशवाणी आणि 'नया खून' साप्ताहिक. ही यादी वाचून एखादे वडील म्हणतील, "हा मुलगा कुठे टिकतच नाही!" पण नीट पाहिले तर सगळ्या कामांत एक सूत्र आहे. शिकवणे, वाचणे आणि लिहिणे यांच्या बाहेर ते फारसे गेले नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक लक्षात ठेवण्यासारखी आहे. पस्तिशी उलटल्यावर, संसाराचा भार डोक्यावर असताना, त्यांनी नागपूर विश्वविद्यालयातून हिंदीत एम.ए. केले. 1958 साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. तिथल्या स्नेह्यांची मदत झाली, हे खरे. परंतु एम.ए.चा कागद नसता तर स्नेह्यांनी तरी काय केले असते? तिथे त्यांना शिकवायला आवडीचा विषय आणि लिहायला थोडी निवांत जागा मिळाली. त्यांच्या काही गाजलेल्या दीर्घ कविता त्याच काळात पूर्ण झाल्या. हे सुख फार वर्षे लाभले नाही. 11 सप्टेंबर 1964 रोजी, वयाच्या 46 व्या वर्षी ते गेले.

दुसरे नाव विष्णू श्रीधर वाकणकर. जन्म 4 मे 1919, नीमच. ते मूळचे चित्रकार. उज्जैनमध्ये त्यांनी चित्रकला शिकवली आणि जोडीला जुनी नाणी, शिलालेख, उत्खनन यांचा अभ्यास चालू ठेवला. 1957 साली रेल्वेने जाताना भोपाळ-इटारसीच्या बाजूचे खडक त्यांच्या नजरेत भरले. ते उतरून तिथे गेले आणि भीमबेटकाची शैलचित्रे जगापुढे आली. त्या मार्गाने रोज शेकडो प्रवासी जात असत. वाकणकरांपाशी चित्रकाराचा डोळा होता आणि इतिहासाची तयारी होती. पन्नाशी ओलांडल्यावर, 1973 साली, याच विषयावर त्यांनी पुणे विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. 1975 साली पद्मश्री मिळाली. 2003 मध्ये भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत गेले.

दोन्ही उदाहरणांत आम्हाला एकच गोष्ट दिसते. आवडीचे काम दोघांनीही सोडले नाही, आणि त्या कामाची पात्रता उशिरा का होईना, पण कागदावर मिळवली. नुसती आवड असेल तर अर्ज पहिल्याच फेरीत बाद होतो. नुसता कागद असेल तर नोकरी मिळते, पण पुढली तीस वर्षे ओढत काढावी लागतात.

पालकांना "पक्की नोकरी" हवी असते. त्यांनी आपल्याच शहरातली बिनोद मिल आठवावी. एके काळी मिलमध्ये लागला की पोराचे भले झाले असे मानत. 1996 साली मिल बंद पडली आणि कामगारांना थकबाकीसाठी दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. जागा जाऊ शकते, हातचे कसब आपल्याबरोबर येते.

आता करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

1. आवड तपासा. महिनाभर एक वही ठेवा. कोणते काम करताना वेळ कळला नाही आणि कोणत्या कामात जांभया आल्या, ते रोज दोन ओळींत लिहा. "मोबाईल बघणे" याला काम म्हणू नये!

2. जाहिरात आधी वाचा. ज्या पदाची इच्छा आहे त्याची मागील भरतीची जाहिरात आजच शोधून पूर्ण वाचा. शिक्षण, वय, टायपिंग, संगणक, शारीरिक अट काय आहे ते कळले की विषय निवडताना घोटाळा होत नाही.

3. नाव एकच ठेवा. आपल्या मराठी मुलांची ही खास अडचण आहे. घरी 'काळे', अंकसूचीत 'काले', आधारवर तिसरेच. कुठे वडिलांचे नाव मधे, कुठे आडनाव आधी. कागदपत्रांच्या पडताळणीत यामुळे उमेदवार अडकतात. अंकसूची, आधार, समग्र आयडी आणि मूल निवासी प्रमाणपत्र एकदा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

4. विचारपूस करा. सगळ्या जागा वर्तमानपत्रात येत नाहीत. नानाखेड्याच्या बस स्टँडवरून रोज सकाळी कितीतरी तरुण इंदूरला कामावर जातात. त्यांत आपले माजी विद्यार्थीही असतील. त्यांच्याकडे शिफारस मागू नका. काम कसे असते आणि भरती केव्हा होते ते विचारा. मध्यप्रदेश कर्मचारी चयन मंडळाचे संकेतस्थळ आणि केंद्र शासनाचे राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल नियमित पाहा. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

5. मुलाखतीत केलेले काम सांगा. "मी मेहनती आहे" असे सगळेच म्हणतात. गणेशोत्सवाचा हिशेब तुम्ही ठेवला असेल, काकांच्या दुकानाची बिले केली असतील, तर ते सांगा. मराठी, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी येत असेल, तर तेही सांगा. तीन भाषांत ग्राहकाशी बोलणारा माणूस इंदूरला हवा असतो आणि पुण्यालाही.

पालकांना आमची विनंती की मुलाची वही वाचल्याशिवाय त्याचा विषय ठरवू नये. विश्वस्त मंडळास विनंती की वर्षातून एक दिवस माजी विद्यार्थ्यांना बोलवावे : परिचारिका, वीजतंत्री, लेखापाल, दुकानदार, सगळ्यांना. मुलांना मोठ्या पदांची नावे माहीत असतात, पण त्या माणसाचा दिवस कसा जातो हे माहीत नसते.

या महिन्याचा गृहपाठ : घरातील किंवा शेजारच्या एका नोकरदार व्यक्तीला तीन प्रश्न विचारा. हे काम तुम्हाला कसे मिळाले? यात काय आवडते? पुन्हा सुरुवात करायची झाली तर आधी काय शिकाल? उत्तरे एका पानावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावीत. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.